मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि रक्ताचा डाग

सिकलसेल हे नाव आता नंदुरबार जिल्ह्यात कोणाला नवे नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठेही जा. सांधे धरतात, पोटात कळा येतात, मूल पिवळे पडते, एवढे बायाबापड्याही सांगतात. पण हाच आजार मेंदूपर्यंत पोहोचतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते. चांगले खेळणारे मूल अचानक एका हाताने लुळे पडते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. लोक म्हणतात, वारे गेले. अशा वेळी गंडादोरा करीत बसणे म्हणजे मूल हातचे घालविणे होय. त्याला त्याच घटकेला दवाखान्यात न्यावे.

हे दुखणे आदिवासी बांधवांचे, आपला काय संबंध, असे वाचकांनी समजू नये. विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांतही सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मध्य भारतातील या आजाराची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात केली होती.

दोष एका जनुकात आहे. तो हिमोग्लोबिन बनविणाऱ्या जनुकात असतो आणि त्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सतत इजा होऊन त्या अरुंद होतात. हे अस्तर नेमके कसे बिघडते, हे पाहायचे तर रक्तवाहिन्या मेंदूपासून वेगळ्या काढाव्या लागतात. हे काम बहुधा उंदरांच्या मेंदूवर होते. कधी मृत्यूनंतर दान मिळालेल्या मानवी मेंदूवरही होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशा मेंदूंची पेढी १९९५ पासून आहे.

रीत ऐकली तर आपल्या आयाबहिणींना स्वयंपाकघर आठवेल. मेंदूचा तुकडा बर्फाच्या गारव्यात हळुवार कुटतात. तो दाट द्रावणात घालून यंत्रात गरगर फिरवतात. चरबीचा भाग वर तरंगतो, रक्तवाहिन्या तळाशी बसतात. मग बारीक जाळीतून गाळले की सुट्या पेशी खाली जातात आणि बारीक नळ्यांचे धागे जाळीवर राहतात.

आता खरी मेख. जाळीवर राहिले ते सगळे रक्तवाहिन्याच कशावरून? शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच वाचते. वाचलेल्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात पेशीत सापडते, आणि ती मोजता येते. क्लॉडिन-५ या जनुकाच्या नकला रक्तवाहिन्यांच्या अस्तरात भरपूर असतात. म्हणून वेगळ्या केलेल्या नमुन्यात त्या अख्ख्या मेंदूपेक्षा कितीतरी जास्त दिसल्या पाहिजेत, आणि मज्जापेशींच्या खास जनुकांच्या नकला अगदी कमी. ताराकृती पेशींचे पाय मात्र रक्तवाहिन्यांना असे चिकटलेले असतात की ते पुरते सुटत नाहीत. शंभर टक्के शुद्धीचा दावा कोणी केला तर आम्ही तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या नकला फार सापडल्या तर? नळ्यांतले रक्त नीट धुतले गेले नाही, असा संशय घ्यावा लागतो. ज्या जनुकाने नंदुरबारच्या घराघरांत दुःख दिले, त्याच जनुकाच्या खुणा प्रयोगशाळेत भेसळ पकडून देतात! आम्ही कचेरीत हिशेब तपासणारे. दोन खात्यांच्या रकमा एका पावतीत मिसळल्या की पुढची बेरीज कितीही बिनचूक असली तरी ती वाया जाते. इथेही तसेच आहे. भेसळ ओळखली नाही, तर रक्तातला बदल रक्तवाहिनीच्या माथी मारला जाईल.

ही भेसळ आपल्या घरच्या तपासणीतही होते. मुलाला नुकतेच रक्त चढविले असेल, तर नमुन्यात रक्तदात्याचे रक्त मिसळलेले असते आणि अहवाल फसवा येऊ शकतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून तपासणी रक्त चढविण्यापूर्वी करावी, नाहीतर तीन-चार महिने थांबावे, आणि रक्त केव्हा चढविले ते तपासणाऱ्याला न विचारता सांगावे. दुसरे असे की, विद्राव्यता चाचणी ‘आहे’ म्हणाली, तरी मूल रुग्ण की केवळ वाहक हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

मेंदूचा धोका आधी ओळखता येतो. डोक्यावर बाहेरून यंत्र टेकवून रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, दुखणे नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेग असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकव्याचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला. रुग्ण मूल दोन वर्षांचे झाले की ही तपासणी कुठे होते, हे जिल्हा रुग्णालयात विचारावे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल, तर बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये.