पेठेची पारख

पावसाळा ओसरून रंकाळ्याच्या काठावर पुन्हा माणसांची वर्दळ सुरू झाली आणि सणावारांच्या धामधुमीतून तालमींच्या कार्यकर्त्यांना थोडी उसंत मिळाली, की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत आणि त्यांच्या आसपासच्या गल्लीबोळांत एका दीर्घ मसलतीला तोंड फुटते. येत्या हंगामात आपल्या संघातून कोण जाणार, समोरच्या पेठेतला कोण फुटणार, गोव्याकडचा म्हणून ज्याचा बोलबाला आहे तो फॉरवर्ड खरोखरच येणार की ती नुसती आवई आहे, आणि आलाच तर त्याचा उजवा पाय डाव्याइतका कामाचा आहे काय, हे त्या मसलतीचे विषय. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, जिला सारे गाव ‘केएसए’ या आद्याक्षरांनीच ओळखते, हंगामापूर्वी खेळाडूंची रीतसर नोंदणी करून घेते. आणि त्या नोंदणीवर शिक्कामोर्तब होईपर्यंत वरिष्ठ गटातील सोळा संघांचे पाठीराखे ज्या हिरिरीने तर्क लढवतात, ती पाहिली म्हणजे युरोपातील धनाढ्य क्लबांच्या खरेदी-विक्रीची वृत्तपत्री चर्चा अगदीच मिळमिळीत वाटू लागते.

परगावच्या माणसाला पहिले नवल वाटते ते संघांच्या नावांचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही सारी नावे आखाड्यांची, आणि ती मिरवणारे गडी मात्र पायांत बूट घालून राजर्षी शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावत असतात. प्रॅक्टिस क्लब किंवा शिवाजी तरुण मंडळ यांसारखे काही अपवाद सोडले, तर कोल्हापूरचा फुटबॉल तालमीच्याच उंबऱ्यातून बाहेर पडलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो राजाश्रय दिला आणि 1912 साली खासबागचे कुस्त्यांचे मैदान उभे केले, त्यामुळे पेठेपेठेतील तालीम ही जोर-बैठकांची जागा तर राहिलीच, परंतु गणपती, मोहरमचे पंजे, भांडणतंटा, मदतकार्य या सर्वांचे ते एक लोकमान्य ठाणेही झाले. फुटबॉल संस्थानी अमदानीत या गावात आला आणि रुजण्यासाठी त्याला तालमीहून अधिक कसदार जमीन मिळणे शक्यच नव्हते.

खेळाडूंसंबंधी येथे होणाऱ्या वादविवादांचे मर्म मला वाटते याच इतिहासात आहे. तालमीतील वस्ताद नवा पोरगा दारात उभा राहताच त्याची मान, खांद्यांची रुंदी, मांड्यांचा भराव, चालण्यातील तोल, श्वासाचा दम एका दृष्टिक्षेपात जोखीत असे, आणि चार दिवस त्याला मातीत लोळवून त्याची छातीही अजमावीत असे. ही नजर पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली आहे. कुस्तीची माती ज्याने अंगाला लावली नाही अशा आजच्या तरुणातही ती उतरलेली दिसते, आणि कट्ट्यावर बसून तो एखाद्या खेळाडूचे गुणदोष सांगू लागला म्हणजे त्याच्या बोलण्यात आजोबांच्या काळचा वस्ताद बोलत असतो.

शिवाजी पेठेतील एका कट्ट्यावर मी ऐकलेला संवाद नमुन्यादाखल देतो. विषय होता एका डावखुऱ्या फॉरवर्डचा, ज्याला दुसऱ्या तालमीकडून आणण्याचे घाटत होते.

“गडी गोल मारतोय, आबा. गेल्या साली बघितलासा न्हवं?”

“बघितलं की. पर उजव्या पायावर बॉल आला की त्यो आधी थांबतोय, मग डाव्यावर घेतोय, आनि तवर बॅक येऊन उभा ऱ्हातोय.”

“त्येचा डावा लई जोरकस हाय पर.”

“जोर हाय लेका, न्हाई कोन म्हनतंय? पर शेवटच्या ईस मिन्टांत त्येचे हात कमरंवर जात्यात. ते बघ आधी.”

या चार वाक्यांत किती सूक्ष्म निरीक्षण आहे! खेळाडूचा दुबळा पाय त्याला केवळ एक फटका गमावायला लावत नाही. तो त्याचा अर्धा क्षण खातो, आणि त्या अर्ध्या क्षणात प्रतिपक्षाची बचावफळी सावरते, हे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात न गेलेल्या त्या वृद्धाने बरोबर हेरले होते. कमरेवर गेलेल्या हातांची खूणही अशीच. दमलेला माणूस तोंडाने कबुली देत नाही. त्याचे शरीर ती आधीच देऊन टाकते. परदेशी क्लब आपल्या खेळाडूंच्या अंगावर यंत्रे बांधून त्यांची धाव मोजतात आणि त्यासाठी पगारी तज्ज्ञ बाळगतात; आबांचे काम कट्ट्याच्या दगडावर बसून भागते.

मात्र ही पारख जितकी तीक्ष्ण तितकीच एकांगीही आहे. कुस्तीत माणूस एकटा असतो. त्याचे बळ त्याचे, त्याची चूक त्याची, आणि पाठ मातीला लागली तर ती त्याचीच लागते. फुटबॉलमधील माणसाची किंमत त्याच्या शेजाऱ्यावरून ठरते. ज्याच्या मागून वेळेवर पास येत नाही त्या फॉरवर्डचा वेग काय कामाचा? आणि ज्याच्या शेजारचा बॅक जागा सोडून पुढे धावतो, त्याने कितीही धिप्पाड शरीर कमावले तरी गोल होतोच. चेंडू पायात असताना खेळाडू काय करतो हे गॅलरीतील प्रत्येकाला दिसते, पण सामन्याच्या बहुतांश वेळात कोणाही एका खेळाडूच्या पायात चेंडू नसतो. त्या वेळी तो कोठे सरकतो, प्रतिस्पर्ध्याला कोणत्या बाजूला ओढून नेतो, पास येण्यापूर्वीच मान वळवून मागे कोण आहे हे पाहून ठेवतो की नाही, यावर त्याची खरी योग्यता अवलंबून असते. कट्ट्यावरच्या चर्चेत मी पायांविषयी पुष्कळ ऐकले आहे, छातीविषयी आणि काळजाविषयी त्याहून अधिक. मान वळवण्याविषयी क्वचितच.

म्हणूनच मागील हंगामात एका तालमीकडून गोलांचा पाऊस पाडणारा गडी दुसरीकडे गेल्यावर कोरडा पडला, की पेठ त्याला ‘खुराक उतरला’ म्हणून दूषणे देते. वास्तविक त्याचा खुराक जसाच्या तसा असतो; त्याला गोल करू देणारा सोबती मात्र जुन्याच संघात राहून गेलेला असतो.

संघ बदलण्याचा हा व्यवहार जगात सर्वत्र एकाच रीतीने चालत आलेला नाही. इंग्लंडमध्ये 1905 साली आल्फ कॉमन या खेळाडूस मिडल्सब्रो क्लबाने संडरलँडकडून एक हजार पौंड देऊन घेतले तेव्हा तेथील लोकांना तो अनाचार वाटला होता. पुढे कित्येक दशके तेथील खेळाडूची स्थिती वतनाला बांधलेल्या कुळासारखी होती: करारनाम्याची मुदत संपली तरी क्लबाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम याने या पद्धतीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि 1963 साली ती अवाजवी बंधन घालणारी ठरवली गेली. बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मानच्या फिर्यादीत 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघाच्या देशांत मोबदल्यावाचून मोकळे जाऊ देण्याची वाट उघडली. पुढे 2017 साली नेमारसाठी पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाला बावीस कोटी वीस लाख युरो मोजले, तेव्हा जगाने तो आकडा केवळ कुतूहलाने वाचला.

कोल्हापुरात आकडे अर्थातच लहान. मानधन येथेही दिले जाते, त्याची कुजबुजही होते, पण खेळाडूला बांधून ठेवणारी साखळी कागदाची नसते. मंगळवार पेठेत लहानाचा मोठा झालेला पोरगा शिवाजी पेठेच्या संघातून उतरला, तर त्याला अडवणारा कायदा नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला त्याला त्याच गल्लीतून जावे लागते, एवढेच. त्यामुळे ‘तो येईल का?’ या प्रश्नात पैशाइतकाच त्याच्या घराचा, मामाचा, थोरल्या भावाने कोणत्या तालमीकडून खेळले याचा हिशेब असतो, आणि हा हिशेब कट्ट्यावरील मंडळी ज्या बारकाईने मांडतात तिच्यापुढे मुरलेल्या कारकुनाने हात टेकावेत.

या सर्व हिशेबाला अपवाद असतो तो परदेशी खेळाडूचा. नायजेरियासारख्या देशांतून आलेले धिप्पाड गडी गेली कित्येक वर्षे कोल्हापूरच्या मैदानावर दिसतात; पेठ त्यांना प्रेमाने आपलेसे करते, त्यांना तांबडा-पांढरा रस्सा पाजते, त्यांच्या नावाने घोषणा देते. परंतु त्यांच्या संख्येवर मर्यादा असावी की नसावी, असल्यास किती, हा गावातील एक जुना आणि न मिटणारा वाद आहे. संघाचा जीव गोलांत असतो, म्हणून परदेशी गडी बहुधा आघाडीलाच उभा केला जातो. आणि मग त्याच जागेसाठी मेहनत घेणारा स्थानिक पोरगा एक तर बाकावर बसतो किंवा कडेला ढकलला जातो. माझे मत मर्यादेच्या बाजूचे आहे. पाहुणा एकच हंगाम खेळून जातो. पोराची ती वर्षे परत येत नाहीत.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर अनिकेत जाधव याच्या वाटचालीत दिसतो. रिक्षाचालकाचा हा कोल्हापुरी मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, आणि 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीच्या फळीत खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला. पण त्या पराभवांतही आपल्या गावचा पोरगा किती धावला याची चर्चा येथे विजयाच्या चर्चेइतकीच रंगली. पुढे 2019 साली त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाची संधी मिळाली (हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे, हेही या कथेतील एक मऱ्हाटी वळण), आणि त्यानंतर जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा त्याचा प्रवास इंडियन सुपर लीगमध्ये झाला.

विश्वचषकात जो मध्यभागी आघाडीवर होता, तो मोठ्या क्लबांत मुख्यतः बाजूने धावताना दिसू लागला. येथे पेठेची पारख पुन्हा अडखळते. ‘पोरगं मधी खेळवा, गोल मारंल,’ असे अनेक जण ठामपणे सांगतात, जणू त्याची जागा ठरवणे हा केवळ त्याच्या पायांचा प्रश्न आहे. वास्तविक इंडियन सुपर लीगमधील बहुतेक क्लब मधली जागा गोल करणाऱ्या परदेशी फॉरवर्डांसाठी राखून ठेवत आले आहेत. 2021-22 च्या हंगामापासून मैदानावर एका वेळी उतरणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या पाचावरून चारावर आली, तरी जी जागा सर्वांत शेवटी सुटते ती हीच. कडेने धावणे हा अनिकेतचा दोष नव्हे आणि पदावनतीही नव्हे. भारतीय फॉरवर्डला आज जगण्यासाठी जी दुसरी विद्या शिकावी लागते, ती त्याने शिकून घेतली.

या चर्चांना एक काळी किनारही आहे, तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कट्ट्यावरचा वाद गॅलरीत पोहोचला की कधी शिवीगाळ होते, कधी दगड उडतात, सामने थांबतात, पोलीस येतात, आणि ज्या खेळाडूच्या पायाची महिनाभर स्तुती झाली त्यालाच एका चुकलेल्या पेनल्टीपायी घरी जाण्याची वाट बदलावी लागते. असोसिएशनने शिक्षा केल्या, संघांना ताकिदी दिल्या; हुल्लडबाजी कमी-अधिक होत राहते.

तरीही नोंदणीच्या दिवसांत या गावात फिरण्यासारखा आनंद नाही. फॉरवर्डची नावे प्रत्येकाच्या ओठांवर असतात, गोलकीपरविषयीही तावातावाने बोलले जाते, कारण त्याचे हात सर्वांना दिसतात. परंतु मध्यभागी उभा राहून प्रतिपक्षाचे पास तोडणारा, जवळच्या जवळ चेंडू देऊन पुन्हा आपल्या जागेवर परतणारा, क्वचितच गोल करणारा असा जो हाफ असतो, त्याच्यासाठी कट्ट्यावर कोणी मांडीवर थाप मारून बोललेले मी ऐकले नाही. जाणते व्यवस्थापक त्याला गाजावाजा न करता आधीच बोलावून घेतात. तो गेला ही बातमीसुद्धा जुन्या पेठेत फारशी कोणी मनावर घेत नाही. मात्र हंगामातील तिसऱ्या-चौथ्या सामन्यात प्रतिपक्ष मैदानाच्या मधूनच सरळ चालत येऊ लागतो, तेव्हा गॅलरीतून कोणी तरी विचारतो, “अरे, आपला त्यो ह्याचा पोरगा कुठं गेला?”, आणि शेजारच्याला त्याचे नाव चटकन आठवत नाही.