एका बाटलीतले आठ चमचे



गेल्या पोळ्याला आमचे आजोबा बैलं धुऊन आले अन् ओट्यावरच बसले. अंगाला दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते. आजोबांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली, पण गडबडीत न्याहारी राहिली होती. शेजारच्या नर्सबाईंनी मशीनवर रक्त तपासले. साखर ५८! ती ७० च्या खाली गेली की कमी समजतात. आजोबा शुद्धीवर होते म्हणून आईने चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तर ९२.

आजोबा म्हणाले, "आज साखरेनं तारलं, एरवी हीच माझी वैरीण!"

मला कोडंच पडलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितले ते असे.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर असते. ती वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि इन्सुलिन तिला पेशींत पोचवते. भाकरी हळूहळू पचते, म्हणून साखर रक्तात हळूहळू उतरते. पाण्यात विरघळलेली साखर मात्र भराभर चढते. आजोबांना म्हणूनच लवकर गुण आला.

मग आम्ही वर्गात एक गणित केले. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत झाली सुमारे ३२ ग्रॅम. एका चमच्यात ४ ग्रॅम धरले, तर ८ चमचे! आजोबांना औषध म्हणून लागले ४, आणि आपण गरज नसताना पितो त्याच्या दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की अशी साखर दिवसाला सुमारे ६ चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम.

एखाद्या वेळी प्यालं तर निरोगी शरीर सांभाळून घेतं. पण रोजची सवय वाईट. जास्तीच्या साखरेची यकृतात चरबी बनते, वजन वाढते, इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, तर रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. आत चरबी साचते. पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच हे. हृदयाच्या रक्तवाहिनीत असे झाले, तर झटका येऊ शकतो.

रसवंतीच्या उसाच्या रसातही पुष्कळ साखर असते, हे विसरू नका.

आजोबा आता खिशात साखरेची पुडी ठेवतात, पण ती अडीअडचणीलाच. पालकांना माझी एवढीच विनंती, की पाहुणे आले म्हणजे आम्हांला बाटली आणायला दुकानात पिटाळू नका. घरचे ताक द्या. आम्हीही तेच पिऊ.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी