एक्स्पोर्टला रात्र का लागते?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.)

लग्नाचं, मुंजीचं, वाढदिवसाचं काम करणारे किती जण आहेत इथे? बरेच हात वर आले. बाकीचे यूट्यूबवाले असणार. विषय दोघांचाही एकच आहे, कारण रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायचं आणि सकाळी धडधडत्या छातीनं उठायचं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. काही वर्षांपूर्वी एका लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यनारायणाची पूजा होती आणि पूजेनंतर सगळ्या पाहुण्यांना तो मोठ्या पडद्यावर दाखवायचा ठरला होता. रात्री साडेदहाला एक्स्पोर्ट लावला. सकाळी अकराच्या सुमारास फाइल तयार झाली. उघडून बघते तर सुरुवातीच्या पाटीवर नवरीच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ऐवजी ‘कै.’ पडलेलं! (हशा) हसताय, पण आजोबा त्या पूजेला पहिल्या रांगेत बसणार होते. चूक दुरुस्त करायला मला पाच सेकंद लागली. पुन्हा एक्स्पोर्ट दाबल्यावर थोड्या वेळानं आकडा दिसला, बारा तासांच्या वर.

शेवटी जुनीच फाइल घेऊन गेले आणि व्हिडिओ हातानं दीड मिनिट पुढे ढकलून सुरू केला. नवरीची आई नंतर हळूच म्हणाली, “ताई, आमची नावं आलीच नाहीत हो.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर ते बारा तास कुठे गेले, हे मी त्यानंतर शोधलं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आपल्याकडे बहुतेक काम २५ फ्रेमचं असतं. एका सेकंदात २५ चित्रं. एका तासाची ३,६०० सेकंदं, म्हणजे ९०,००० चित्रं. व्हिडिओ जेवढ्या लांबीचा तेवढ्याच वेळात एक्स्पोर्ट व्हायचा असेल, तर प्रत्येक चित्राला ४० मिलिसेकंद मिळतात. आता समजा, तुमच्या एखाद्या इफेक्टला एका चित्रामागे अर्धा सेकंद लागतो. अर्धा सेकंद म्हणजे काय, डोळ्याची पापणी दोनदा लवते फार तर. पण ९०,००० गुणिले अर्धा म्हणजे ४५,००० सेकंद. साडेबारा तास. सापडली ना माझी रात्र? एक्स्पोर्टचा हिशेब कायम असा एका चित्रावरून करायचा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं.

त्या एका चित्राचं होतं काय? तीन कामं होतात. कॅमेऱ्यानं दाबून ठेवलेलं चित्र उलगडायचं, त्यावर रंग, पाट्या, इफेक्ट लावायचे, आणि पुन्हा दाबून फाइलमध्ये भरायचं. उलगडणं, प्रक्रिया, दाबणं. पंगतीच्या पोळ्या डोळ्यांसमोर आणा. एक जण गोळे करतं, एक लाटतं, एक भाजतं, आणि तिघं एकाच वेळी कामात असतात. लाटणारी एका मिनिटाला एक पोळी देत असेल, तर तुम्ही तीन तवे मांडा नाहीतर पाच, पोळी मिनिटाला एकच येणार. संगणकातही हेच आहे. सगळ्यात मंद हात जो असेल, त्याच्या वेगानं सगळं चालतं. आणि आपण काय करतो? रॅम वाढवतो. (हशा) लाटणारी दमली म्हणून ओटा मोठा करण्यातला प्रकार.

पहिलं काम बघू, उलगडण्याचं. बहुतेकांना वाटतं फाइल उघडणं म्हणजे नुसतं वाचणं. तसं नाही. ४के चित्रात ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एक चित्र सुमारे २५ एमबीचं आणि एक सेकंद सुमारे ६२० एमबीचा. कॅमेरा मात्र कार्डवर लिहितो सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी. जवळजवळ पन्नासपट दाबलेलं! हे जमतं, कारण एच.२६४ काय किंवा एचईव्हीसी काय, प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदललं तेवढंच. वहीत रोज सगळा माल न लिहिता फक्त आवक-जावक लिहावी तसं. वही छोटी राहते, पण मंगळवारी दुकानात काय होतं ते सांगायला सोमवारपासून बेरीज करावी लागते.

ही बेरीज करायला चिपमध्ये वेगळी यंत्रणा बसवलेली असते. इंटेलची क्विक सिंक २०११ पासून आहे, एनव्हिडियाच्या कार्डांतही तशी सोय आहे. पण ती यंत्रणा प्रत्येक प्रकार ओळखतेच असं नाही, आणि घोळ इथेच होतो. हल्लीचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. रंगाची माहिती जास्त, म्हणून आपण खुशीत. पण एनव्हिडियाच्या कार्डांना हा प्रकार स्वतः उलगडता येऊ लागला तो २०२५ मध्ये, ५० मालिकेपासून. त्याआधीचं कितीही महागाचं कार्ड असो, हे काम त्याच्याकडे जात नाही, बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतं. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधली साधी अंगभूत ग्राफिक्स ४:२:२ चं एचईव्हीसी उलगडते. म्हणून ‘माझं कार्ड एवढ्याचं, तरी अडकतं कसं’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, कॅमेऱ्यात सेटिंग काय होतं?

डिस्कबद्दल एका वाक्यात सांगते. साडेबारा एमबी सेकंदाला म्हणजे साध्या फिरत्या हार्ड डिस्कलाही जड नाही. चार कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर असतील किंवा तुम्ही थेट पेनड्राइव्हवरून एडिट करत असाल, तर गोष्ट वेगळी.

आता दुसरं काम, प्रक्रिया. माझी रात्र इथे गेली होती. रंग थोडे वरखाली करणं, पाटी टाकणं, एखादा क्रॉस डिझॉल्व्ह, हे ग्राफिक्स कार्डाला किरकोळ असतं. खाणारे इफेक्ट मोजकेच आहेत. नॉइज रिडक्शन, हलता कॅमेरा स्थिर करणं, स्लो मोशनसाठी मधली चित्रं नव्यानं बनवणं. यातलं नॉइज रिडक्शन बेरकी. दाणे घालवायला ते एकच चित्र बघत नाही, शेजारची मागची-पुढचीही बघते. म्हणजे पुन्हा जास्त उलगडा, जास्त हिशेब.

मी काय केलं होतं? वरातीची दृश्यं रात्रीची, ट्यूबलाइट आणि बँडवाल्यांच्या दिव्यांतली, दाणेदार आली होती. ती होती सात मिनिटांची. मी आळस केला आणि नॉइज रिडक्शन ॲडजस्टमेंट लेयरवर टाकून तो लेयर अख्ख्या तासावर ओढला. हळद उन्हात, मुहूर्त दुपारी, सगळं लखलखीत. तिथे काढायला दाणा नव्हताच, पण यंत्र इमानानं प्रत्येक चित्र तपासत बसलं. सात मिनिटांची १०,५०० चित्रं होतात. अर्ध्या सेकंदानं ५,२५० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत. उरलेली त्रेपन्न मिनिटं सरळ गेली असती. साडेबारा तासांचं काम अडीच तासांत झालं असतं, तेही तोच जुना संगणक ठेवून, एक रुपया न घालवता.

तिसरं काम पुन्हा दाबण्याचं. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ आणि ‘सॉफ्टवेअर एन्कोडिंग’ असे पर्याय दिसतात. हार्डवेअर झपाट्यानं होतं. त्याच दर्जासाठी बिटरेट थोडा जास्त द्यावा लागतो, एवढीच किंमत. एक मात्र बघा, तिथे ‘व्हीबीआर, २ पास’ निवडलंत की काम मुकाट्यानं सॉफ्टवेअरकडे जातं आणि वर दोनदा होतं. यूट्यूबसाठी करत असाल तर दोन पासचा हट्ट सोडा. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं दाबणारच आहे. साध्या १०८० ला ते स्वतः ८ मेगाबिट सुचवतात. तुम्ही १६ नं दिलीत तर बिघडत नाही.

आता आपला मंद हात कोणता, हे ओळखायचं कसं? अंदाज नको, मोजा. टाइमलाइनची प्रत काढा आणि तुमच्या कामातला सगळ्यात जड एक मिनिट निवडा. तो आहे तसा एक्स्पोर्ट करा, घड्याळ लावा. मग ‘रिमूव्ह ॲट्रिब्यूट्स’नं इफेक्ट काढा, ॲडजस्टमेंट लेयर असेल तर तोही काढा, आणि पुन्हा करा. वेळ धाडकन पडला तर दोषी इफेक्ट. पडला नाही तर तेच मिनिट प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये काढा, कारण ते दाबायला सोपे असतात. आता पडला तर एन्कोडिंग. तरीही नाही पडला तर कॅमेऱ्याची फाइल. विंडोजवाल्यांनी त्या वेळी टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. त्यात ग्राफिक्स कार्डाखाली ‘व्हिडिओ डीकोड’ आणि ‘व्हिडिओ एन्कोड’ असे वेगळे आलेख असतात. डीकोडचा आलेख सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर उलगडण्याचं काम कार्डाकडे गेलेलंच नाही. लॅपटॉपवाल्यांनो, हे सगळं चार्जर लावून करा. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो, आणि मे महिन्यात बंद खोलीत गादीवर ठेवलात तर गरम होऊनही घेतो.

आणि आता ‘कै.’ची गोष्ट, कारण वेग वाढवूनही माझे अडीच तास गेलेच असते. आज मी असं करते. जड इफेक्टचे तुकडे एडिट चालू असतानाच रेंडर करून ठेवते. रिझॉल्व्हमध्ये रेंडर कॅश आहे, प्रीमियरमध्ये प्रिव्ह्यू रेंडर आहे. जेवायला उठले की ते लावून जायचं. प्रीमियरमध्ये त्याआधी सिक्वेन्स सेटिंगमध्ये प्रिव्ह्यूचा प्रकार चांगला निवडा, प्रोरेससारखा, आणि एक्स्पोर्ट करताना ‘यूज प्रिव्ह्यूज’वर खूण करा. नाहीतर केलेलं रेंडर वाया जातं.

मग सगळं झालं की पाट्या नसलेला एक मास्टर काढते. १०८० चा प्रोरेस ४२२ तासाला साधारण ५५ जीबी होतो. हो, मोठा आहे. पण त्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असतं, वहीची बेरीज करावी लागत नाही, आणि रंग-दाणे सगळं आधीच शिजलेलं असतं. पाट्या त्या मास्टरवर टाकायच्या आणि मग एच.२६४ काढायचं. आजोबांचं ‘कै.’ सकाळी अकराला दिसलं तरी दुपारच्या जेवणाआधी नवी फाइल हातात असते. पत्रिकेतली नावं घरच्या माणसाकडून वाचून घ्यायची सवयही लागली, ते वेगळं.

प्रश्न: ताई, प्रॉक्सी केल्या तर एक्स्पोर्ट लवकर होईल ना?

नाही. प्रॉक्सीनं एडिटिंग हलकं होतं, पण एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइलकडेच जातं, आणि जायलाच हवं. मात्र मोबाइलवरच्या क्लिप, ज्यांचा फ्रेमरेट स्थिर नसतो, त्या आधीच हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्या. वेगापेक्षाही आवाज आणि ओठ जुळावेत म्हणून.

प्रश्न: मी कार्ड घेऊ की प्रोसेसर?

ते एक मिनिटाचं मोजमाप करून या, मग मला विचारा. नॉइज रिडक्शन अडवत असेल तर कार्ड. ४:२:२ च्या फाइल अडवत असतील तर ते उलगडता येणारी चिप, मग ती कोणाचीही असो. आणि सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरत असाल तर हार्डवेअरचा कोणता वेग तिच्यात बंद ठेवलाय ते आधी बघा. कधीकधी परवाना कार्डापेक्षा स्वस्त पडतो.

प्रश्न: आमच्याकडे लाइट जाते. नव्वद टक्क्यांवर गेली की सगळं पहिल्यापासून.

खरंय. एमपी४ मध्ये कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर माहिती डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. म्हणून तासाचा व्हिडिओ एका दमात काढू नका. इन आणि आउट लावून दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे रांगेत टाका, सगळ्यांची सेटिंग हुबेहूब एकच ठेवा. लाइट गेली तर एकच तुकडा जातो. नंतर एफएफएमपेगनं ते तुकडे पुन्हा न दाबता जोडता येतात, काही मिनिटांचं काम आहे. तुकडा कापताना मात्र गाण्याच्या मधे कापू नका, सांध्यावर आवाज टचकन तुटू शकतो. मंगलाष्टकं संपली, टाळ्या संपल्या, तिथे कापा.