तिशीनंतरचे वैद्यकशिक्षण : स्वप्न आणि हिशेब

बालपणी ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर’ हे उत्तर दिलेले नाही, असे मूल आपल्या घरांतून क्वचितच आढळेल. पुढे कोणाला गुण कमी पडतात, कोणाच्या घरची परिस्थिती आड येते, तर कोणी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून अभियांत्रिकीकडे वा वाणिज्य शाखेकडे वळतो. नोकरी लागते, संसार मांडला जातो आणि ते उत्तर मनाच्या एका कोपऱ्यात पडून राहते. परंतु काहींच्या बाबतीत ते तसे पडून राहत नाही. आईच्या आजारपणात रुग्णालयात काढलेल्या रात्री, औषधनिर्माण कंपनीतील किंवा प्रयोगशाळेतील नोकरी, अथवा परिचारिका म्हणून केलेली सेवा या निमित्ताने ती जुनी ओढ पस्तिशीत पुन्हा जागी होते. त्याबरोबरच घरातून आणि स्वतःच्या मनातूनही एक प्रश्न उमटतो, ‘आता? या वयात?’

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि केवळ उत्साहाच्या भरात त्याचे उत्तर देणेही योग्य नाही. आपल्या वाचकांना व्यवहाराची भाषा परिचित आहे. म्हणून या स्वप्नाकडे त्याच भाषेत, पण सहानुभूतीने पाहण्याचा हा प्रयत्न.

कायद्याचे दार

वैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘नीट’ परीक्षेला २०१७ साली वयाची कमाल मर्यादा घालण्यात आली. खुल्या प्रवर्गासाठी ती २५ वर्षे आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे होती. प्रकरण न्यायालयात गेले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन २५ वर्षांवरील उमेदवारांनाही परीक्षेस बसण्याची मुभा दिली आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही कमाल मर्यादाच रद्द केल्याचे कळविले. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण होण्याची किमान अट तेवढी कायम राहिली. अर्थात काही संस्थांचे नियम वेगळे आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात वयाची स्वतंत्र मर्यादा आहे, हे इच्छुकांनी ध्यानात ठेवावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या मुभेमुळे जे घडू शकले, त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बँकिंग क्षेत्रातूनच पुढे आले. ओडिशातील ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० साली ‘नीट’ उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय संस्थेत एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतला. देशभरातील वृत्तपत्रांनी या जिद्दीचे कौतुक केले. त्याच वेळी काहींनी एक रास्त शंकाही उपस्थित केली. शासकीय महाविद्यालयातील जागेवर जनतेचा पैसा खर्च होतो; तिथे शिकलेला डॉक्टर समाजाला किती वर्षे मिळणार? ही शंका मनाला लागेल अशी आहे. पण उशिरा या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतःला विचारायलाच हवी. इतिहासात डोकावले, तर तिचे उत्तर निराशाजनक नाही.

उशिरा निघालेले दोन प्रवासी

अल्बर्ट श्वाइट्झर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ते धर्मशास्त्राचे अध्यापन करीत, चर्चमध्ये प्रवचने देत आणि ऑर्गनवादक म्हणून युरोपात त्यांची ख्याती होती. वयाच्या एकविसाव्या वर्षीच त्यांनी मनाशी ठरविले होते, की तिशीपर्यंत विद्या आणि कला यांत रमावे व नंतरचे आयुष्य मानवसेवेला द्यावे. ठरल्याप्रमाणे १९०५ साली, तिसाव्या वर्षी, ते स्वतःच्याच विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी झाले. त्यांचा बेत ऐकून वैद्यक शाखेच्या अधिष्ठात्यांना वाटले, की या गृहस्थाला मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्याकडेच धाडावे!

पुढील वर्षे किती कठीण गेली, हे श्वाइट्झर यांनी आत्मकथनात प्रांजळपणे लिहिले आहे. अध्यापन आणि प्रवचने त्यांनी सोडली नाहीत, त्यामुळे थकवा ही रोजचीच गोष्ट झाली. तिशीतील स्मरणशक्ती विशीतल्यासारखी राहत नाही, याचाही त्यांना अनुभव आला. मधल्या परीक्षेपूर्वी काही आठवडे तरुण सहाध्यायांनी आग्रह केला, म्हणून ते त्यांच्या अभ्यासगटात सामील झाले. प्राध्यापक कोणते प्रश्न नेहमी विचारतात हे त्यांना तिथे उमगले आणि परीक्षा निभावली. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याने धाकट्यांचा हात धरण्यात कमीपणा मानू नये, हा यातला बोध. अंतिम परीक्षेचे शुल्कही त्यांनी म्युनिक येथील संगीतमहोत्सवात ऑर्गन वाजवून मिळविलेल्या मानधनातून भरले. १९११ च्या अखेरीस परीक्षा संपली आणि १९१३ साली ते आफ्रिकेतील लांबारेने येथे गेले. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. १९६५ साली नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले तेही लांबारेनेलाच. मधला काही काळ वगळता अर्धशतक त्यांनी त्या रुग्णालयासाठी वेचले.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. डॉ. रखमाबाई यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी विवाह झाला, शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण घरच्या वाचनावर झाले. पतीने १८८४ साली वैवाहिक हक्कांसाठी दावा दाखल केला. ‘नांदायला जा, अन्यथा कारावास पत्करा’ असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा कारावास पत्करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. १८८८ साली तडजोडीने प्रकरण मिटले. एवढ्या वादळातून बाहेर पडल्यावर, डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने व हितचिंतकांनी उभ्या केलेल्या आर्थिक साहाय्यावर, पंचविशीच्या उंबरठ्यावर त्या १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाकडे निघाल्या. १८९४ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. त्यानंतर सुरत आणि राजकोट येथे सुमारे ३५ वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांतून सेवा केली. त्या काळी मुलींची लग्ने दहा-बाराव्या वर्षी होत. अशा समाजात पंचविशीत विद्यार्थिदशा सुरू करणे म्हणजे आजच्या पस्तिशीहूनही उशीर होता.

या दोघांच्या चरित्रांत एक साम्य दिसते. दोघेही आधीच्या आयुष्याची शिदोरी घेऊन आले, दोघांनीही पैशांची सोय आधी लावली आणि शिक्षण संपल्यावर उरलेली वर्षे भरभरून वापरली.

प्रवेशापूर्वीची पडताळणी

आजच्या इच्छुकाने सर्वप्रथम आपली बारावीची गुणपत्रिका काढून पाहावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असून, पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के व राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. ज्यांनी गणित घेऊन बारावी केली व पुढे अभियंते झाले, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मधील आयोगाचा निर्णय महत्त्वाचा आहे. बारावीनंतरही मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय उत्तीर्ण केल्यास अशा उमेदवारांना ‘नीट’ देता येते.

स्पर्धेची कल्पनाही स्पष्ट असावी. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले; एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा सव्वा लाखाहून कमी होत्या. परीक्षा ७२० गुणांची; बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. अनुभव, पदवी वा पगार यांना तिथे काहीही अधिक गुण नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाला नुकतीच शिकलेली सूत्रे तोंडपाठ असतात, तर आपल्याला ती पंधरा वर्षांच्या धुळीतून काढावी लागतात. म्हणून नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी, नोकरी सांभाळूनच, एक वर्ष शिस्तीने अभ्यास करून सराव परीक्षांतील गुण तपासावेत. प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नसले, तरी किती प्रयत्न करायचे याची मर्यादा आपणच घरच्यांसमवेत आखून घ्यावी.

प्रवेशानंतर मात्र नोकरी आणि शिक्षण एकत्र चालत नाही. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता. तासिकांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. २०२३ च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच प्रयत्न मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करावा लागतो. सकाळी शवविच्छेदन कक्ष, दुपारी व्याख्यान, पुढे वॉर्ड आणि रात्रपाळी असा हा दिनक्रम आहे. लहान मूल असलेल्या आईला किंवा आजारी वडील असलेल्या मुलाला तो पेलायचा, तर घरातील दुसऱ्या कोणाला तरी तेवढाच भार उचलावा लागतो. त्या व्यक्तीची संमती मनापासूनची आहे ना, हे आधीच जाणून घ्यावे.

वर्षांचा आणि रुपयांचा हिशेब

समजा, बत्तिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला. आंतरवासिता संपेल तेव्हा वय साडेसदतीस असेल. एम.डी. वा एम.एस. करायचे ठरविल्यास आणखी तीन वर्षे. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर म्हणून उभे राहताना चाळिशी उलटलेली. पासष्टीपर्यंत काम केले, तरी हाती पाव शतक उरते. बेचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याने पदव्युत्तर शिक्षणाचा मोह सोडून सामान्य वैद्यकाचा किंवा ग्रामीण आरोग्यसेवेचा विचार करणे व्यवहार्य ठरेल.

आता रुपयांकडे वळू. उदाहरणादाखल असे मानू, की शैक्षणिक कर्जाचे दरवर्षी दोन लाख याप्रमाणे पाच वर्षांत दहा लाख रुपये उचलले आणि व्याजदर ९ टक्के आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. तोवर सरळ व्याजाने ४ लाख ५ हजार रुपये साठतात आणि कर्ज १४ लाख ५ हजारांवर जाते. पंधरा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १४,२५० रुपये येतो आणि वरील उदाहरणातील डॉक्टर साडेत्रेपन्नाव्या वर्षी कर्जमुक्त होतो. दहा वर्षांत फेडायचे ठरविल्यास हप्ता सुमारे १७,८०० रुपये आणि कर्जमुक्ती साडेअठ्ठेचाळिसाव्या वर्षी. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास मुद्दल दहा लाखच राहते आणि पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे १०,१५० रुपयांवर येतो. जोडीदाराची मिळकत चालू असेल, तर हा मार्ग निश्चितच विचारात घ्यावा.

वयाने मोठ्या विद्यार्थ्याने शाखेत जाऊन काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. अर्जदाराच्या वयाबाबत बँकेचे धोरण काय, सहकर्जदार कोण चालेल, पूर्वीचे गृहकर्ज असल्यास दोन्ही हप्त्यांचा मेळ कसा बसेल, व्याज आधी भरल्यास दरात सवलत आहे का? जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, हेही लक्षात असावे.

पगार थांबतो, त्याबरोबर कार्यालयाचे आरोग्य विम्याचे छत्रही जाते. म्हणून राजीनाम्यापूर्वी कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा आणि वर्षभराच्या घरखर्चाइतकी ठेव बाजूला असावी. भविष्यनिर्वाह निधी रिकामा करून शुल्क भरण्याचा विचार शक्यतो दूर ठेवावा. विशीतील विद्यार्थ्याला वार्धक्याची तरतूद करायला चाळीस वर्षे असतात, आपल्याला त्याच्या निम्मीच मिळणार आहेत. शासकीय महाविद्यालयात कमी शुल्कात शिक्षण मिळते. पण अनेक राज्यांत त्यासाठी सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. ते काळजीपूर्वक वाचावे आणि पुढील आयुष्याच्या वेळापत्रकात त्या वर्षांनाही जागा ठेवावी.

जमेची बाजू

एवढा खर्च मांडल्यावर जमाही मांडायला हवी. ज्याने दहा वर्षे लोकांशी व्यवहार केला आहे, त्याला घाबरलेल्या नातेवाइकाशी कसे बोलावे हे शिकवावे लागत नाही. ज्या स्त्रीने स्वतःच्या मुलाचा ताप रात्रभर जागून उतरविला आहे, तिला वॉर्डातील आईच्या डोळ्यांतली भीती ओळखता येते. परिचारिकेला रुग्णालयाची शिस्त, औषधनिर्मात्याला औषधांची नावे आणि अभियंत्याला उपकरणांची जाण आधीपासूनच असते. त्यांना हा मार्ग कोणी आखून दिलेला नसतो, तो त्यांनी किंमत जाणून निवडलेला असतो. कठीण रात्रपाळीत ही जाणीव फार उपयोगी पडते.

हिशेब मांडूनही काहींच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्यात पराभव नाही. परिचर्या, भौतिकोपचार, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन या क्षेत्रांतूनही रुग्णसेवेची ओढ सार्थकी लावता येते आणि तिथली वाट तुलनेने कमी वर्षांची आहे. ज्यांचे उत्तर ‘होय’ येईल, त्यांनी मात्र जन्मतारखेकडे पाहून मागे फिरू नये. कायद्याने ती अट दूर केली आहे. उशिरा मिळालेल्या जागेचे ऋण मोठे असते आणि ते बँकेच्या हप्त्यांनी पुरते फिटत नाही. हाती उरलेल्या प्रत्येक वर्षात, जिथे डॉक्टरची खरोखर निकड आहे तिथे उभे राहूनच ते फेडावे लागते. रखमाबाईंनी ते ३५ वर्षे फेडले. आपल्यापैकी कोणाला पंधरा वर्षे मिळतील, कोणाला पंचवीस. तेवढीही एखाद्या तालुक्याच्या गावाला पुष्कळ होतील.