इंजेक्शनच्या आधीचे चार महिने

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या हॅचरीवर मच्छीमार सोसायट्यांची माणसं मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, न्यायला येतात, तेव्हा सगळ्यांना ते लवकर हवं असतं. घाई खरी आहे. इथले पुष्कळ मामा (माजी मालगुजारी) तलाव उन्हाळ्यात आटतात. जिरे ऑगस्टमध्ये हाती आलं, तर माशाला वाढायला मिळणारे महिने तेवढेच कमी. जुलैच्या सुरुवातीला मिळालं, तर तोच मासा बाजारात वजनदार होऊन जातो. म्हणून विणीचा हंगाम पंधरा दिवस जरी अलीकडे आला, तरी गावाच्या कमाईत फरक पडतो.

रोहू, कटला, मृगळ हे कार्प जातीचे मासे मुळात नदीतले. तळ्यात मादी पोटभर गाभोळी धरते, पण अंडी घालत नाही. पावसानं नदी फुगावी, नवं पाणी काठच्या उथळ जमिनीवर पसरावं, तेव्हाच ती विते. तसं पाणी मिळालंच नाही, तर अंडी तिच्या अंगातच विरून जातात. पश्चिम बंगालमधल्या बांकुडा-मेदिनीपूरकडचे लोक म्हणूनच उतारावर बांध घालून पहिल्या जोरदार सरींचं पाणी अडवत आणि त्यात नर-माद्या सोडत. पुढे 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्याच पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन झाला तो यामुळे.

तेव्हापासून लोकांना वाटतं, सगळी करामत इंजेक्शनची. मला हे मुळीच पटत नाही.

माशाच्या मेंदूतली पिनिअल ग्रंथी उजेड ओळखते. रात्री ती मेलाटोनिन सोडते, त्यामुळे दिवस लहान की मोठा हे शरीराला कळतं. फेब्रुवारीपासून वाढता दिवस जाणवू लागतो, पाणी तापू लागतं आणि मेंदूकडून पिट्युटरीला, तिच्याकडून अंडाशयाला संदेश जातात. यकृतात बलकाचं प्रथिन तयार होतं आणि रक्तावाटे अंड्यांत भरत जातं. हे काम काही महिन्यांचं आहे. इंजेक्शन येतं ते अगदी शेवटी. हल्लीच्या औषधातला एक घटक पिट्युटरीला जागं करतो, दुसरा तिला रोखणाऱ्या डोपामाइनचा अडसर दूर करतो आणि पिकलेली अंडी सुटतात. कच्ची अंडी त्यानं पिकत नाहीत.

इंजेक्शननंतर मासे गोल टाकीत सोडतो. तळाच्या तिरक्या नळ्यांनी पाणी गरगरत राहतं, वरून फवारे पडतात. सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान असलं, की काही तासांत टाकीभर अंडी तरंगू लागतात. पाऊस आम्ही असा उभा करतो. सूर्य उभा करणं जास्त अवघड आहे.

तेही जमतं. ट्राउट मासा दिवस लहान होऊ लागले की विणीला लागतो. त्याला दिव्यांच्या उजेडात आधी लांब दिवस आणि मग आखूड दिवस दाखवले, तर तो काही महिने आधीच अंडी देतो. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं प्रकाश आणि तापमान बदलून कार्पवरही असे प्रयोग केले आहेत. पण दिवे आणि तापवलेलं पाणी यांचा खर्च लहान हॅचरीला झेपत नाही.

आमच्या हातात आहे ते जानेवारी-फेब्रुवारीपासूनचं काम. नर-माद्या वेगळ्या करायच्या, तळ्यात दाटी ठेवायची नाही, पेंड आणि भाताच्या कोंड्याबरोबर प्रथिनं जास्त असलेलं खाद्य द्यायचं, मधूनमधून ताजं पाणी सोडायचं. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन उथळ पाणी भलतंच तापवतं आणि पिकलेली अंडी बिघडतात, तेव्हा बोअरचं पाणी सोडून ते थंड ठेवायचं. जूनमध्ये मादीचं पोट बोटांना मऊ लागलं आणि नराच्या छातीकडच्या परांवर खरखरीतपणा आला, तरच सुई हातात घ्यायची. पोट अजून घट्ट लागत असेल, तर सोसायटीची गाडी दारात उभी असली तरी त्या मादीला परत तळ्यात सोडायचं.