शेताखालून जाणारी नळवाहिनी व आपले हक्क

खनिज तेलाची किंवा नैसर्गिक वायूची नळवाहिनी आपल्या शेताखालून जाणार असें कळतांच पुष्कळ शेतकरी बंधू 'आमची जमीन सरकारनें घेतली' असें म्हणूं लागतात. तें खरें नव्हे. या कामास सन 1962 चा स्वतंत्र कायदा असून त्यान्वयें सरकार जमिनीची मालकी घेत नाहीं. जमिनीखालून नळ नेण्याचा व देखभालीसाठीं शेतांत येण्याचा हक्क, ज्यास 'वापराचा हक्क' म्हणतात, तेवढाच घेतें. सातबारावर मालकाचें नांव कायम राहतें व पूर्वीप्रमाणें नांगरतां-पेरतां येतें.

मात्र तेवढ्यानें निर्धास्त होऊं नये. त्या पट्ट्यांत पुढें केव्हांही घर बांधतां येत नाहीं, विहीर अथवा तळें खोदतां येत नाहीं, झाड लावतां येत नाहीं. आज जिराईत असलेल्या तुकड्यांत उद्यां विहीर पाडून मोसंबीची बाग करावी, हा बेत तेथेंच संपतो. आणि या कायमच्या बंधनाचा मोबदला किती? पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीं जो बाजारभाव असेल त्याचा शेंकडा 10. (पिकांची व झाडांची नुकसानी निराळी मिळते.) आमच्या मतें हा मोबदला तोकडा आहे, परंतु 2016 सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला आहे.

म्हणून भर द्यावयाचा तो हरकतीवर. राजपत्रांत पहिली अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांच्या आंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. सुनावणीस जातीनें किंवा वकिलामार्फत हजर राहतां येतें. चावडीवर लागलेला कागद कोणी वाचीत नाहीं, हें आम्हीं महसूल खात्यांत कारकून असतां नित्य पाहिलें. 'जमीन देणार नाहीं' एवढेंच लिहून कांहीं साधत नाहीं. राहतें घर, पक्कें बांधकाम किंवा घरालगतचें आवार यांखालून नळ नेण्यास कायद्यानेंच मनाई आहे. तशी जागा असल्यास स्पष्ट लिहावें. नळ 1 मीटरपेक्षां उथळ नसावा, असेंही बंधन आहे. मार्ग बांधाकडे सरकविण्याची विनंति नकाशासह करावी.

दुसरी गोष्ट पीकपाहणीची. 2021 पासून महाराष्ट्रांत ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची आहे. शेतांत आंब्याची झाडें उभीं आणि सातबारावर 'पडीत', असें असल्यास पंचनाम्याच्या वेळीं वाद ओढवतो. ठरलेली नुकसानी मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करतां येतो. मात्र रक्कम उचलतांना 'आक्षेप राखून घेतली' असें लिहून द्यावें.