नाव बदललं, ओळख तशीच राहिली

सुरगाणा तालुक्यातला चाळीस उंबऱ्यांचा एक पाडा डोळ्यांसमोर आणा. तिथे बाळंतपणाच्या अनुभवांवर अभ्यास होतो आणि अहवालात छापून येतं : ‘आशा कार्यकर्ती, वय ३५, नवरा दारू पितो, आरोग्य केंद्रातल्या वागणुकीवर नाराज.’ नाव बदललेलं आहे, म्हणजे नियम पाळला गेला. पण पाड्यावर आशाताई एकच आहे! ती कोण, हे शेजारणीला कळतं आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही. आशाताईला उद्या पुन्हा त्याच केंद्रात जायचं असतं.

हजारो लोकांच्या सर्वेक्षणात माणूस आकड्यात विरघळून जातो. गुणात्मक संशोधनात, म्हणजे वीस-पंचवीस जणांशी तासन्‌तास बोलून केलेल्या अभ्यासात, तसं होत नाही. तिथे माणसाची हकिगत हीच माहिती असते आणि तीच त्याची ओळखही असते.

अमेरिकेतलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावाला ‘स्प्रिंगडेल’ असं खोटं नाव देऊन १९५८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला प्रत्येक जण गावाने ओळखला. मग ४ जुलैच्या मिरवणुकीत गावकरी मुखवटे घालून, पुस्तकातली खोटी नावं मिरवत निघाले. त्यांच्यामागून शेणखत पसरायची गाडी आली आणि तिच्यावर, खतात वाकलेला, विडिच यांचा पुतळा होता.

आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० साली तयार झाली. याच संस्थेचा नाशिक जिल्ह्यातल्या स्त्रियांचं आजारपण आणि बाळंतपण यांवरचा अभ्यासही त्याच सुमाराचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या नियमावलीत सामाजिक संशोधनाला स्वतंत्र विभाग दिला. तेव्हा नियम नाहीत, असं कुणी म्हणू नये.

अडतं ते बांधावर. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. त्यांच्याशी बोलायचं तर आधी बागायतदाराला आणि मुकादमाला विचारावं लागतं. मुकादम मान डोलावतो, दहा मजुरांना हाक मारतो आणि संमतीपत्रावर दहा अंगठे उमटतात. ही संमती मुकादमाची आहे. ज्याने उचल दिली त्याच्यासमोर मजूर ‘नाही’ कसं म्हणणार? मुलाखतीपायी बुडालेला रोज भरून देण्याची सोय नियमांत आहे. ती वापरलीच पाहिजे.

सर्वांत अवघड पेच मात्र अल्पवयीन विवाहितेचा. संशोधक सोळा वर्षांच्या गरोदर मुलीला सांगतो, ‘तू बोल, कुणाला कळणार नाही.’ हे वचन त्याला देताच येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा मुलीच्या बाबतीत नवऱ्याला असलेली कायदेशीर सूटही गेली. म्हणजे तिने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीमुळे तिच्याच घरी पोलीस येऊ शकतात. कायदा मुलीच्या रक्षणासाठीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ही मर्यादा पहिला प्रश्न विचारण्याआधी, तिला समजेल अशा भाषेत सांगायला हवी. मग ती गप्प राहिली तर ते गप्प राहणं स्वीकारावं. एका प्रबंधाचं प्रकरण अपुरं राहिलं तरी चालेल. मुलीची फसवणूक चालणार नाही.

जातपंचायतीच्या बहिष्काराविषयी बोलणाऱ्या कुटुंबाचंही असंच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, पण संशोधक संध्याकाळच्या एसटीने नाशिकला परततो आणि ते कुटुंब गावातच राहतं. म्हणून छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवावा. ‘एवढं काढा’ म्हणाले तर काढावं.

तुमच्याही दारात कधी रेकॉर्डर घेऊन कुणी विद्यार्थी येईल. त्याला चहा जरूर द्या, पण विचारा : हे आवाज कोण ऐकणार, किती वर्षं ठेवणार, छापल्यावर आम्हाला दाखवणार का? सही केली तरी मधेच उठून जाण्याचा हक्क तुम्हाला आहे.